शिकागोची रात्र आणि उमरेडची कोजागिरी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: रविवारच्या पुरवणीतलं पुस्तक परीक्षण, आणि उमरेडच्या वाचकांना एक विनंती

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत टेलर जेनकिन्स रीड यांच्या 'डेझी जोन्स अँड द सिक्स' या इंग्रजी कादंबरीवर, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या एका काल्पनिक अमेरिकन रॉक बँडच्या मुलाखतींतून सांगितलेल्या गोष्टीवर, अर्ध्या पानाचं परीक्षण आलं. ते मी सकाळी चहासोबत वाचलं, दुपारी परत वाचलं आणि रात्री झोप येईना म्हणून उठून लिहायला बसले. पत्र लांबलंय, पण कापू नका ही विनंती, आणि कापायचंच झालं तर शेवटचा भाग तेवढा ठेवा.

परीक्षण लिहिणाऱ्यांची भाषा छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन गोष्टी मनाला लागल्या. एक तर त्यांनी कादंबरी आणि त्यावरची सिरीज यांची पार खिचडी केली. आणि दुसरं, शेवटी लिहिलं की नशापाणी करून वाया गेलेल्या गोऱ्या पोरांची ही गोष्ट आपल्या नागपूरच्या वाचकाला कशाला पाहिजे. मी नागपूरची वाचक आहे, वय ५९, आणि मला ही गोष्ट पाहिजे, कशाला पाहिजे तेच सांगते.

पहिले चुका. परीक्षणात छापलंय की हा बँड १९७७ साली शिकागोत फुटला. पुस्तकात तारीख १२ जुलै १९७९ आहे. १९७७चा ऑक्टोबर हा सिरीजमधला, २०२३ साली अ‍ॅमेझॉन प्राइमवर दहा भागांची आली होती ती. कुणी म्हणेल दोन वर्षांनी काय फरक पडतो, तर पडतो, कारण १२ जुलै १९७९ ही तारीख शिकागोत खरीच गाजलेली आहे. त्या रात्री तिथल्या कोमिस्की पार्क नावाच्या बेसबॉलच्या मैदानात दोन मॅचच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोट करून उडवला होता, पब्लिक मैदानात घुसली आणि दुसरी मॅच होऊच शकली नाही. लोकांनी डोक्यावर घेतलेलं संगीत लोकांना कसं नकोसं होतं हे त्या एका तारखेत बसलेलं आहे, आणि पुस्तकातला खोटा बँड त्याच शहरात त्याच रात्री फुटतो. तारीख बदलली की हे सगळं जातं.

दुसरी चूक, बँडमधला एडी बेस गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवतो असं लिहिलंय. पुस्तकात एडी रिदम गिटार वाजवतो आणि बेस त्याचा भाऊ पीट वाजवतो. सिरीजवाल्यांनी पीटला काढूनच टाकलं आणि बेस एडीच्या गळ्यात बांधला. म्हणजे परीक्षकांनी सिरीज पाहून पुस्तकावर लिहिलं असं वाटतं, माझा अंदाज चुकीचा असेल तर माफी मागते. तिसरी गोष्ट चूक नाही पण करायला नको होती, या सगळ्या मुलाखती घेणारं माणूस कोण हे पुस्तकात पार शेवटाकडे कळतं, ते त्यांनी दुसऱ्याच परिच्छेदात फोडून टाकलं. मी इथे परत लिहीत नाही.

आणि हा फ्लीटवुड मॅक या खऱ्या बँडचाच इतिहास आहे असं जे ठोकून दिलंय तेही बरोबर नाही. त्या बँडमधली दोन जोडपी तुटत होती आणि त्याच वेळी त्यांची १९७७ची जबरदस्त चाललेली रेकॉर्ड तयार होत होती हे खरं आहे. लेखिकेने लहान असताना टीव्हीवर त्यांचा परत एकत्र आल्यानंतरचा प्रोग्राम पाहिला आणि तिथून हे डोक्यात आलं असं तिने स्वतः सांगितलंय. पण ठिणगी तिथली, घर मात्र तिने स्वतःचं बांधलंय.

आता मुद्द्याचं. परीक्षकांनी पुस्तकाचा दोष म्हणून लिहिलंय की 'खरं काय घडलं ते शेवटपर्यंत कळत नाही, जो तो वेगळंच सांगतो'. अहो, तेच तर पुस्तक आहे. अख्खी कादंबरी नुसती बोलण्याची आहे, आधी नाव आणि पुढे तो माणूस काय म्हणाला, बस. गायक बिली, त्याचा भाऊ ग्रॅहम, एडी, ड्रमवाला वॉरेन, कीबोर्डवाली कॅरेन, नंतर येऊन सगळ्यांच्या वर गेलेली डेझी, बिलीची बायको कमिला, सगळे बऱ्याच वर्षांनी म्हातारे होऊन आठवून आठवून सांगतात. एक म्हणतो असं झालं, लगेच खाली दुसरा म्हणतो, छे, मी तिथंच होतो, असं नव्हतंच. लेखिका मधे पडून न्याय करत नाही. आणि बेसवाला पीट, तो तर जवळजवळ बोलतच नाही, सगळं पुस्तक त्याच्याबद्दल दुसरेच बोलतात आणि शेवटी तो चार ओळीत सांगून मोकळा होतो. मी ते पान वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण आमचा बेसवाला अगदी असाच होता.

मी १९८७ ते १९९१ नागपुरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायची. पार्टीचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांना विचारलेलं नाही. हार्मोनियमच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या होत्या तेवढंच शिक्षण, बाकी सगळं स्टेजवर शिकले. आम्ही सहा जण होतो. ढोलक आणि ऑक्टोपॅडवाला इंदोऱ्याचा, लहानपणापासून १४ एप्रिलला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत भीमगीतांच्या पार्टीत वाजवून हात तयार झालेला. बेसवाला मोहननगरचा, वडील रेल्वेत, रविवारी चर्चमध्ये वाजवायचा आणि तिथून आमच्याकडे रिहर्सलला यायचा. लीड गिटारवाला महालातला, त्याच्याकडे गिव्हसनची गिटार होती, तिची तार तुटली की सीताबर्डीला पळायचं. शिवाय गायक, निवेदक आणि मी. मी एकटी मुलगी आणि सगळ्यात लहान, तरी सगळे मला ताई म्हणायचे, तीच पद्धत होती, त्यामुळे घरच्यांनीही पाठवलं.

आम्ही सिनेमातलीच गाणी करायचो, गणपती, शारदोत्सव, कोजागिरी, गॅदरिंग, लग्नाचं रिसेप्शन, जे मिळेल ते. पण सामान उतरवून झाल्यावर आणि पब्लिक यायच्या आधी, साऊंड टेस्टिंगच्या नावाखाली, आम्ही आपलं स्वतःचं वाजवायचो. तिथून आमची तीन मराठी गाणी झाली. रॉक म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, आम्हाला नाव माहीत नव्हतं. ढोलकचा ठेका, त्याच्याखाली बेस, वर फाटलेल्या आवाजातली गिटार. त्यातल्या एका गाण्याच्या आधी कीबोर्डचा एक पीस होता, आठ बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन), काळी दोन या पट्टीत. तो मी केला होता. एका दुपारी घरी लाइट नव्हते म्हणून हार्मोनियमवर बसवला आणि संध्याकाळी जाऊन ऐकवला. बेसवाला काही बोलला नाही, नुसता त्याच्याखाली वाजवायला लागला आणि ते गाणं तिथेच उभं राहिलं. प्रोग्राममध्ये तो पीस सुरू झाला की मागच्या रांगेतले पोट्टे शिट्ट्या मारायचे, गायकाने तोंड उघडायच्या आधी. एवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, हे मी माझ्या नवऱ्याला आणि मुलीलाही सांगितलेलं आहे.

१९९०मध्ये एका कॅसेट कंपनीने ती तीन गाणी आणि त्यासोबत पाच भक्तिगीतं अशी कॅसेट काढली. कंपनीचं नाव सांगण्यात आता काही अर्थ नाही. कॅसेट हातात आली तेव्हा आम्ही धंतोलीत एका मित्राच्या ओसरीवर बसलो होतो. कव्हरवर गायकाचा फोटो, खाली 'गायक आणि संगीत' म्हणून त्याचं एकट्याचं नाव. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'साथसंगत: ऑर्केस्ट्रा'. ढोलकवाल्याने कव्हर उलटं करून पाहिलं, परत सुलटं करून पाहिलं, मग आतला कागद पूर्ण उलगडून पाहिला की आत तरी असेल, आत भक्तिगीतांचे शब्द होते. मग त्याने तो कागद ज्या घडीवर होता त्याच घडीवर परत घडी केला आणि कॅसेट मला दिली. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

पुस्तकातल्या एडीचं दुखणं हेच आहे. बिली गाणी लिहितो, बिली ठरवतो, आणि एडीने स्वतःच्या गिटारवर काय वाजवायचं तेही बिलीच सांगतो. परीक्षकांनी त्याला 'जळका माणूस' म्हटलंय. मी त्याला जळका म्हणणार नाही. चार माणसं एका खोलीत बसून गाणं करतात तेव्हा ते कुणाचं असतं हा प्रश्न साधा नाही, आणि कायद्यालाही तो सोडवायला फार वर्षं लागली. माझी भाची वकील आहे, तिला मी हे सगळं विचारलं. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यात संगीतकाराला हक्क होता, पण 'संगीतकृती' म्हणजे काय तर कागदावर लिहिलेली किंवा छापलेली चाल. म्हणजे १९९० साली माझा आठ बारचा पीस, जो कधी नोटेशनमध्ये उतरलाच नाही, फक्त बोटांत आणि कॅसेटमध्ये होता, तो कायद्याच्या त्या व्याख्येत बसायलाच तयार नव्हता. ही व्याख्या १९९४मध्ये बदलली आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे हक्कही त्याच दुरुस्तीत आले. मग २०१२ची दुरुस्ती, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. तिच्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला आणि वाजवणाऱ्याला आपलं नाव लावून घ्यायचाही हक्क मिळाला. भाची हे सांगत होती आणि मी मनात वर्षं मोजत होते. आमची पार्टी फुटली १९९१ला.

आता ते फुटण्याचं. परीक्षकांनी लिहिलं, बँड फुटायचं कारण बिली, डेझी आणि बिलीची बायको यांचा त्रिकोण. नाही हो. परत वाचा. शिकागोच्या त्या रात्री सात जणांची सात कारणं आहेत. एडीचा अपमान गळ्यापर्यंत आलेला, कॅरेन आणि ग्रॅहमचं जे तुटलं ते गाण्याशी संबंधितच नाही, डेझीचं वेगळं, बिलीचं वेगळं. प्रत्येकाला वाटतं की खरं कारण मला माहीत आहे, आणि कुणालाच पूर्ण माहीत नाही. हे वाचलं आणि मी ठरवलं की आपल्याही लोकांना विचारायचं. ३४ वर्षांत मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

माझी आठवण अशी. १९९१ची कोजागिरी, नागपूरजवळच्या उमरेडला एका मंडळाचा प्रोग्राम, मैदानात सतरंज्या, बाजूला मोठ्या कढईत दूध आटवून राहिले होते, त्या केशराच्या वासासकट आठवतं. दुसऱ्या भागात आमचं ते गाणं होतं. निवेदकाने अनाउन्समेंट केली, 'आता आमच्या गायकांनी स्वतः संगीत दिलेलं' असं. मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि पीस वाजवला नाही. मुद्दाम. ढोलकने दोनदा ठेका देऊन वाट पाहिली. पब्लिक शांत. मग गायकाने तसंच सुरू केलं, आणि त्यानंतर काही मिनिटांत सगळं बंद पडलं, परत येताना मेटॅडोरमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही, आणि तो आमचा शेवटचा प्रोग्राम. म्हणजे पार्टी माझ्यामुळे फुटली, हे मी ३४ वर्षं धरून बसले होते. चार महिन्यांनी माझं लग्न झालं, मी अमरावतीला गेले, कीबोर्ड मावसभावाला दिला.

पहिले लीडवाल्याला भेटले. तो म्हणाला, असं काही नाही, गायक त्या दिवशी पैशावरून चिडलेला होता, एका नाइटचे ठरलेले पैसे मंडळाने कमी दिले म्हणून तो दुसऱ्या भागातल्या तिसऱ्या गाण्याला स्टेजवरून उतरून गेला, तिथून बिनसलं. मी विचारलं, माझा पीस? तो म्हणाला, 'कोणता पीस?'

मग मेट्रोने इंदोरा चौकाला उतरून ढोलकवाल्याकडे गेले. आता नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, एका बोटाचं नख काळं पडलेलं आहे, पण हात तेच. चहा आला, त्याने ट्रे रिकामा केला आणि मांडीवर घेऊन आमच्या त्या गाण्याचा ठेका वाजवला, आणि तोंडाने माझा पीस गायला, आठच्या आठ बार, एक सूर इकडचा तिकडे नाही. मी रडले, सांगायला लाज नाही. मग तो म्हणाला, 'ताई, त्या दिवशी लाइट गेले होते ना, तुम्ही हा पीस वाजवून राहिल्या होत्या आणि पाचव्या बारला लाइट गेले. कीबोर्ड बंद पडला. माझा ढोलक तेवढा चालू होता. मी वाजवत राहिलो, वाटलं आता येतील लाइट. आले तेव्हा स्टेजवर कोणीच नव्हतं.' मी म्हटलं, भाऊ, मी वाजवलाच नव्हता. तो म्हणाला, 'काऊन नाही? माझ्या कानात आहे ना अजून.'

बेसवाल्याने फोन उचलला, तब्येत वगैरे विचारली, आणि उमरेडचं नाव काढलं तसा म्हणाला, ताई, मी ते सगळं सोडलं. फोन ठेवला. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज आला: 'मी जॅक काढून टाकला होता. लाइट गेले नव्हते. सगळ्यांना वाटलं लाइट गेले. तुमचा पीस चालू होता तेव्हा. सॉरी.' बस, एवढंच. जॅक म्हणजे वाद्य स्पीकरला जोडणाऱ्या वायरची पिन. मी उलट विचारलं, का काढला? दोन निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.

गायक २०२१मध्ये गेले. वहिनींना भेटले. त्या म्हणाल्या, ते नेहमी सांगायचे की मी सगळ्यांची नावं लिहून कंपनीला पाठवली होती, त्यांनी छापली नाहीत, आणि माझ्या माणसांनी मला एकदाही विचारलं नाही. पाठवली होती की नाही हे आता कुठून कळणार. पण विचारलं नव्हतं हे खरं आहे. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. निवेदकाचा पत्ता लागला नाही.

परीक्षक साहेब, सांगा बरं आता, यातलं खरं काय, आणि ते न कळणं हा दोष कसा.

कॅरेनबद्दल तुमच्या परीक्षणात एक वाक्य आहे, 'कीबोर्ड वाजवणारी दुय्यम पात्र'. माझ्यासाठी ती या पुस्तकातली सगळ्यात मोठी बाई आहे. तिला दिवस जातात, ग्रॅहमला घरसंसार पाहिजे असतो, आणि तिला स्टेज पाहिजे असतं, वाजवायचं असतं, बस, त्यासाठी ती मूल नको असं ठरवते आणि त्याची किंमतही देते. ती बरोबर की चूक हे मी ठरवत नाही. पण 'मला वाजवायचं आहे' हे वाक्य एका बाईने इतकं सरळ म्हणलेलं मी कुठे वाचलं नव्हतं. मी तेव्हा ते म्हटलं नाही. मला कुणी मारहाण केली नाही, कोंडलं नाही, फक्त लग्न ठरलं, आणि कीबोर्ड सोबत न्यायचा का हे कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. आणि मोठे बँड पाहिले तर गाणारी बाई सगळ्यांना आठवते, वाजवणारी बाई कुणाच्या लक्षात राहत नाही. या पुस्तकाने ती लक्षात ठेवली.

आणि मराठी वाचकाला याचं काय, असं म्हणता, तर १९१३ साल आठवा. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या काळच्या महाराष्ट्रात ही बातमी आजच्या कुठल्याही बँडच्या फुटण्यापेक्षा मोठी होती. पुढे टेंबेही तिथून निघाले आणि शिवराज नावाची स्वतःची मंडळी काढली. बोडसांनी 'माझी भूमिका' लिहिलं, टेंब्यांनी 'माझा जीवनविहार' लिहिलं, एकाच काळावर दोन भागीदारांनी आपापल्या बाजूने लिहिलेलं आपल्याकडे आहे. नावारूपाला येणं, कंपनी फुटणं, मग आठवणी, हे सगळं आपण शंभर वर्षांपूर्वी करून बसलोय. फक्त ते नटांचं आणि मालकांचं आहे. गंधर्व मंडळीत तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसायचे हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यांना काय वाटायचं हे कंपनीच्या गोष्टीत कुठे येतं? मुंबईच्या सिनेमातल्या वादकांचंही तेच. पडद्यामागे व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन, ढोलक वाजवणाऱ्यांना भेटून भेटून त्यांच्या तोंडून सगळं लिहून काढलं ते ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाने, २००८ला त्यांचं पुस्तक आलं. ते आपल्या दादर-बांद्र्यातले लोक होते हो, आणि विचारायला माणूस तिथून आला.

नागपुरात तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी पार्ट्या होत्या. भीमगीतांच्या, ऑर्केस्ट्राच्या, लग्नाच्या बँडच्या, चर्चच्या. एकाच माणसाने दुपारी वरातीत क्लॅरोनेट वाजवायचा आणि रात्री एखाद्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन, असं चालायचं. ती माणसं आता ६०-७०च्या पुढे आहेत आणि दरवर्षी एकेक जाऊन राहिलं आहे. तुमच्या पुरवणीत जागा असेल तर दर रविवारी अर्धा कॉलम एका वादकाला द्या, त्याने जसं सांगितलं तसं छापा, दुसऱ्याने येऊन खोडलं तर तेही पुढच्या रविवारी छापा. मी स्वतः रेकॉर्ड करून, टाइप करून द्यायला तयार आहे, पैसे नकोत.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. उमरेडच्या त्या कोजागिरीला मंडळाचा एक मुलगा स्टेजच्या अगदी समोर, डाव्या बाजूला, एक लाल टू-इन-वन घेऊन बसला होता. १६-१७ वर्षांचा असेल, डोक्याला मफलर. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडे येऊन म्हणाला होता, ताई, टेप केलं तर चालेल ना, आणि मी हो म्हटलं. तो टेप सेलवर चालत होता, मी स्वतः त्याला मागचं झाकण उघडून सेल घालताना पाहिलं आहे. म्हणजे लाइट गेले असतील तरी टेप बंद पडला नसणार. पीस वाजला की नाही वाजला, पाचव्या बारला बंद पडला की जॅक निघाला, ढोलक एकटा किती वेळ चालू होता, सगळं त्या कॅसेटवर असेल.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. तो, किंवा त्याच्या घरचं कुणी, किंवा त्या मंडळातलं कुणीही हे वाचत असेल तर कृपा करून कॅसेट असेल तशी द्या, बुरशी लागली असेल, तुटली असेल, तरी चालेल, जोडून देणारा माणूस मी सीताबर्डीत शोधून ठेवला आहे. माझा फोन नंबर संपादकांकडे दिलेला आहे, तो छापू नये. ढोलकवाल्या भाऊंना मी शब्द दिलाय की मिळाली तर पहिले त्यांच्याकडे घेऊन येईन आणि आम्ही दोघं मिळूनच लावू.

आपली,
एक वाचक, नागपूर
(नाव छापू नये)